मुलाचं नाव 'सोपान' ठेवायचं म्हणतोय. अर्थ, वापर, अनुभव सांगा

मुक्ताची_आई
नमस्कार मंडळी. नऊ दिवसांपूर्वी आम्हाला मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप. बारसं अजून ठरलेलं नाही, पण घरात नावावरून जोरात चर्चा चालू आहे, म्हणून हा धागा.

पूर्वाभाद्रपदा नक्षत्र, दुसरा चरण, त्यामुळे अक्षर आलं 'सो'. आम्ही दोघं अक्षराला बांधून घेणारे नाही. पण सासूबाईंनी आजवर कधी कशाचा हट्ट धरला नाही, तेव्हा एवढं ऐकायला काय हरकत आहे? तर 'सो'. 'सो' म्हटलं की दहातले नऊजण 'सोहम' म्हणतात. नाव गोडच आहे, पण मुलीच्या बालवाडीत तीन सोहम आहेत. बाई त्यांना आडनावाच्या पहिल्या अक्षराने हाक मारतात. बिचारी चार वर्षांची पोरं आणि त्यांना 'सोहम के'!

तर परवा रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसलेले असताना नवरा सहज म्हणाला, "मुक्ताचा भाऊ सोपान का नको?" आमच्या मोठीचं नाव मुक्ता आहे. माझ्या अंगावर काटा आला. तेव्हापासून मनात दुसरं नाव नाही.

पण वन्संना मुळीच पसंत नाही. "अगं, हे आजोबांचं नाव आहे, तान्ह्या बाळाचं नाही," असं त्या म्हणतात. आणि कानात नाव सांगणार त्याच! तुमच्या ओळखीत लहान वयाचा कुणी सोपान आहे का? अर्थ 'जिना' एवढाच आहे की आणखी काही? शाळेत चिडवतील का? मोकळेपणाने लिहा.

गोदाकाठ
अभिनंदन! डोळे झाकून ठेवा. मुक्ता आणि सोपान, एका घरात. आणखी काय पाहिजे?

निशिगंध
अभिनंदन ताई. मी थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. मला तुमच्या वन्संचं पटतं. नाव वाईट नाही, पण प्रत्येक नावाला वय चिकटलेलं असतं. सोपान म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर टोपी, धोतर आणि हातात टाळ येतात. मुलाला उद्या जगायचंय ते त्याच्या पिढीत. आपल्या हौसेपायी त्याने आयुष्यभर खुलासे का द्यावेत? सोमेश, सोहन, सौमित्र (थोडं अक्षर सैल केलं तर) ही नावं बघा.

शब्दवेडा
आधी अर्थाचं बघू, कारण या नावाचा अर्थ इंटरनेटवर फार चुकीचा दिलेला आहे. बाळांच्या नावांच्या दोन-तीन संकेतस्थळांवर मी 'सोपान म्हणजे सुंदर', 'सोपान म्हणजे भाग्यवान' असं वाचलंय. यातलं काही खरं नाही. तिथे कुठल्याही नावाचा अर्थ शेवटी सुंदर, तेजस्वी नाहीतर देवाचा आशीर्वाद असाच निघतो.

सोपान हा शुद्ध संस्कृत शब्द आहे. अर्थ पायऱ्या, पायऱ्यांची रांग, जिना. अमरकोशात 'आरोहणं स्यात् सोपानं' असं आहे, आणि लगेच पुढे शिडीसाठी निश्रेणी, अधिरोहिणी हे वेगळे शब्द दिलेत. हा फरक मला फार आवडतो. शिडी उचलून दुसरीकडे नेता येते, भिंतीला लावता येते, काढून ठेवता येते. सोपान हा बांधलेला असतो, घाटाचा, देवळाचा, विहिरीचा. एकाने बांधायचा आणि पुढे कितीतरी पिढ्यांनी त्यावरून चढायचं.

वापरही किती सुंदर! तुलसीदासांच्या रामचरितमानसात सात कांडांना सात सोपान म्हटलंय, बालकांड हा प्रथम सोपान. केरळात देवळाच्या गाभाऱ्याच्या पायऱ्यांपाशी उभं राहून गातात, त्या गायनाचं नावच सोपान संगीत. आपल्याकडे 'यशाचा सोपान' म्हणतातच. तेव्हा 'नुसता जिना' असं म्हणू नका ताई. वर नेणारी वाट म्हणा.

वाड्यातली_सून
जिन्यावरून आठवलं. आमच्याकडे जुन्या घरात 'सोपा' असतो. दारातून आत आलं की चौकाभोवतीची ती उघडी, खांबांची जागा. पाहुणा आला की "सोप्यात बसा" म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सोफ्यात बसा म्हणतायत, आणि मी सोफा शोधत होते! त्याचा आणि सोपानचा काही संबंध आहे का?

शब्दवेडा
@वाड्यातली_सून, नाद जुळतो म्हणून नातं जोडायचा मोह होतो खरा, पण घराचा सोपा हा वेगळा शब्द आणि 'सोपं' (सुलभ) हा तिसराच. मोल्सवर्थच्या कोशात (१८५७ची दुसरी आवृत्ती) किंवा दाते-कर्व्यांच्या शब्दकोशात ही पानं चाळून बघा. संध्याकाळ कुठे जाते कळत नाही.

परदेशी_पाखरू
बाहेर राहणाऱ्यांच्या बाजूने दोन शब्द. माझ्या चुलत दिराचं नाव सोपान, आम्ही सगळे इकडेच. इंग्रजी अक्षरांत एकच 'ए' लिहिला तर इकडची माणसं 'सोपन' नाहीतर 'सोपॅन' म्हणतात. सुरुवातीची चार अक्षरं बघून कुणाला साबण आठवतो. स्पॅनिश बोलणाऱ्या शेजाऱ्यांना तर फारच गंमत वाटते, कारण त्यांच्या भाषेत सोपा म्हणजे सूप. पण खरं सांगू? आमचे भाऊजी एकदा हसून सांगतात, "मराठी संताचं नाव आहे, अर्थ पायऱ्या," की समोरचा कायम लक्षात ठेवतो. माझं नाव सोपं असून कुणाच्या लक्षात राहत नाही.

कऱ्हामाई
हा धागा बघून राहवलं नाही. मी सासवडची. कऱ्हेच्या काठी सोपानदेवांची समाधी आहे, तिथेच माझं लहानपण गेलं. शके १२१८च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानदेवांनी समाधी घेतली आणि बरोबर एका महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सासवडला सोपानदेवांनी. आमच्याकडे कुणी 'संत सोपानदेव' म्हणत नाही. 'सोपानकाका' म्हणतात. वयाच्या विशीतच गेलेला मुलगा, पण अख्ख्या पंचक्रोशीचा काका. निशिगंधताई, तुम्हाला जे म्हातारपण दिसतं ना, ते या 'काका'मुळे असेल. खरं तर चारही भावंडं जेमतेम विशीच्या आसपासची होती.

आषाढीच्या आधी माउलींची पालखी दिवेघाट चढून आमच्याकडे मुक्कामाला येते. मग सासवडहून सोपानकाकांची पालखी निघते. पुढे पंढरपूर जवळ आलं की वाटेत दोघा भावांची बंधुभेट होते. दोन पालख्या शेजारी आल्या, मानाचे नारळ दिले-घेतले की भोवतीची माणसं रडतात. मी स्वतः पाहिलंय. पोक्त पुरुष, हातातला टाळ थांबवून, उपरण्याने डोळे पुसतात. सातशे वर्षांपूर्वीचे दोन भाऊ भेटले म्हणून.

त्या नावाला जुनं म्हणा, हरकत नाही. पण ते नाव रिकामं नाही.

गोदाकाठ
@कऱ्हामाई __/\__

निशिगंध
कऱ्हामाई, वाचून गलबलून आलं. 'काका'चं लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे हा मुलगा जन्मापासूनच काका! :)
तरीही माझा मुद्दा आहे तिथेच आहे. भाव कितीही मोठा असला तरी शाळेच्या मैदानावर तो सांगायला आपण नसतो.

तर्कशुद्ध
दोन गोष्टी नोंदवतो.

संस्कृतात सोपानम् हे नपुंसकलिंगी नाम आहे. मुलाला नपुंसकलिंगी शब्दाचं नाव ठेवणं मला खटकतं.

दुसरं, मुक्ता मोठी आणि सोपान धाकटा हा क्रम उलटा होतो. मूळ भावंडांत निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि शेवटी मुक्ताबाई. निवृत्तीतून ज्ञान, ज्ञानाचा सोपान आणि त्यावरून मुक्ती असा तो क्रम लावला जातो. तुमच्या घरी आधी मुक्ती आणि मग जिना!

शब्दवेडा
@तर्कशुद्ध, लिंगाचं बोलायचं तर मित्रम् हाही सखा या अर्थी संस्कृतात नपुंसकलिंगीच. म्हणून आपण 'ते मित्र आलं' म्हणतो का? मराठीत आल्यावर शब्द मराठीचं लिंग घेतो. 'यशाचा सोपान' म्हणतो आपण, 'यशाचं सोपान' नाही. मुलगा बिनधास्त पुल्लिंगी आहे.

क्रमाबद्दल: भावंडांच्या जन्मसालांबद्दल दोन परंपरा आहेत. एकीत शके ११९५, ११९७, ११९९, १२०१, म्हणजे सोपानदेव साधारण १२७७ सालचे. जनाबाईंच्या नावावरच्या अभंगात ११९०, ११९३, ११९६, ११९९ अशी सालं आहेत, म्हणजे सोपानदेव तीन वर्षं आधीचे. सालं बदलली तरी क्रम तोच, हे मात्र तुमचं बरोबर.

कऱ्हामाई
क्रमाच्या रूपकाचं मला नेहमी थोडं वाईट वाटतं. ते सुंदर आहे, कीर्तनात ऐकताना छानच वाटतं. पण ती चार तत्त्वं नव्हती, चार पोरकी लेकरं होती. संन्याशाची मुलं म्हणून गावाने वाळीत टाकलेली. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर एकमेकांना धरून राहिलेली. मुक्ताई वयाने सगळ्यांत लहान, पण रुसून बसलेल्या ज्ञानदादाला ताटी उघडायला तिनेच लावली. त्या घरात मोठं कोण आणि धाकटं कोण हे जन्मसालावर ठरत नव्हतं. मोठी मुक्ता धाकट्या सोपानाला सांभाळेल, यात उलटं काही नाही.

तर्कशुद्ध
@कऱ्हामाई, हे मान्य. माझा क्रमाचा मुद्दा मागे घेतो.

लेकुरवाळी
शाळेत चिडवण्याबद्दल: मी सतरा वर्षं प्राथमिकला शिकवतेय. मुलं कुठल्याही नावावरून चिडवतात. ज्याला चिडवायचंय त्याला 'राम'मध्येही काहीतरी सापडतं. मुलगा स्वतः नाव कसं सांगतो ते महत्त्वाचं. पहिल्या दिवशी नाव विचारल्यावर काही मुलं मान खाली घालून पुटपुटतात. घरी कुणीतरी त्या नावाला नाक मुरडलेलं असतं, दुसरं काही नाही. वन्संना हे जरूर सांगा.

माझ्या वर्गात एवढ्या वर्षांत दोन सोपान आले. दोघेही गावाकडून आलेल्या कुटुंबांतले. शहरातल्या घरातला एकही नाही. नाव जुनं वाटतं की गावाकडचं वाटतं, हा प्रश्न आपण सगळ्यांनीच स्वतःला विचारायला हवा.

निशिगंध
लेकुरवाळीताई, हे मनाला लागलं. विचार करते.

आकडेमोड
'किती वापरात आहे' याचं उत्तर नीट द्यायला आपल्याकडे साधन नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खातं दरवर्षी यादी काढतं, त्यात वर्षभरात निदान ५ बाळांना ठेवलेलं प्रत्येक नाव येतं. इंग्लंड-वेल्समध्येही अशी वार्षिक यादी निघते. भारतात जन्मनोंदी होतात, पण नावांची तशी यादी प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे कुठल्याही साइटवर 'लोकप्रियता क्रमांक' दिसला तर तो त्या साइटवरच्या क्लिकचा असतो, बाळांचा नव्हे.

घरगुती उपाय म्हणजे मतदार यादी. निवडणुकीच्या कामाला असताना मी याद्या हाताळल्यात. निवृत्ती, सोपान, ज्ञानदेव ही नावं खेड्यांच्या याद्यांत वरच्या वयात भरपूर आणि तिशीच्या खाली आलं की अगदी तुरळक. याउलट मुक्ता, ज्ञानेश्वरी ही मुलींची नावं तरुण वयातही दिसतात. भावाचं नाव मागे पडलं आणि बहिणीचं टिकलं, असं का झालं असेल?

ऋभूचा_बाबा
@आकडेमोड, मुलींच्या बाबतीत जुनं नाव 'वेगळं' वाटतं आणि मुलाच्या बाबतीत 'मागासलेलं', असा माझा अंदाज.

आमच्या मुलाचं नाव ऋभू. ऋग्वेदातले ऋभू हे कारागीर, आपल्या कौशल्याने देवत्वाला पोचलेले. मी सुतारकामाच्या घरातला, म्हणून ठेवलं. आता तो सात वर्षांचा आहे. 'ऋतू का?', 'रिबू?', 'प्रभू?' सगळं ऐकून झालं. सुरुवातीला मला त्रास व्हायचा, त्याला कधीच झाला नाही. एकदा डॉक्टरांकडे नंबर लागला आणि तिथल्या बाईंनी "रघू" म्हणून हाक मारली. हा उठला, त्यांच्या टेबलापाशी गेला, त्यांच्याच पेनने कागदावर ऋ काढला, त्याखाली भू, आणि म्हणाला, "असं आहे." मी खुर्चीत बसून बघत होतो. मुलाला नाव पेलतं. आपल्यालाच उगीच धास्ती वाटते.

चैत्रपालवी
ऋभू! किती गोड. आमच्या भाच्याचं नाव उद्दालक आहे. घरी दालू.

गोदाकाठ
दालू :D सोपानला घरी काय म्हणणार? सोपू? सोनू?

चैत्रपालवी
सोपू मस्त आहे की.

खानदेशी_भाकर
अजून कुणी कसं लिहिलं नाही? बहिणाबाईंचा सोपान! सोपानदेव चौधरी, स्वतः कवी. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. घरोट्यावर, शेतात, काम करता करता ओव्या म्हणायच्या. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने त्या जमतील तशा उतरवून ठेवल्या. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी ते कागद अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली कविता पुस्तकरूपाने आल्या. आईचे शब्द ओठांतून कागदावर आले ते या मुलामुळे. आमच्या आजीला जात्यावरच्या कितीतरी ओव्या यायच्या, एकीचीही वही नाही. म्हणून मला सोपान म्हटलं की टाळ-चिपळ्या नाही, हा वही घेऊन बसलेला मुलगा आठवतो.

कऱ्हामाई
@खानदेशी_भाकर, तुमचे उपकार.

सोपान_आंबेगावकर
वाचक असतो, लिहीत नाही. पण धाग्याचं नावच माझं आहे, तेव्हा लिहिणं भाग आहे. (आंबेगावकर हे फक्त इथलं नाव, पण सोपान खरा.)

वय ४६. माझा जन्म झाला तेव्हा आजोबा वारीत होते. तेव्हा फोन कुठला? पंढरपूरहून परत आल्यावर त्यांना नातू झाल्याचं कळलं. पिशवीतून बुक्क्याची पुडी काढली, माझ्या कपाळाला बोट लावलं आणि म्हणाले, "सोपानकाका आलं." तेच नाव राहिलं. बारसं नंतर झालं, उपचारापुरतं.

शाळेत चिडवलं का? हो. 'सोप्या' म्हणायचे. गणिताचे सर "सोपान, सोपं गणित घे," असं म्हणायचे. त्यांचा उद्देश वाईट नव्हता, पण पाचवीच्या मुलाला ते लागतं. मग सातवीत मराठीच्या बाईंनी धड्यात 'सोपान' शब्द आल्यावर मला उभं केलं. मला वाटलं, आता परत हसणार सगळे. बाईंनी फळ्यावर खडूने एकाखाली एक पायऱ्या काढल्या, खालच्या पायरीवर एक छोटा ठिपका दिला आणि म्हणाल्या, "हे आपण सगळे. आणि ह्या पायऱ्या म्हणजे सोपान." वर्ग गप्प. तेव्हापासून 'सोप्या' म्हणणारे होतेच, पण मला काही वाटेनासं झालं.

कॉलेजात आणि नोकरीत या नावाने मला फायदाच दिला. आमच्या पिढीत संतोष, सचिन, अमोल उदंड. आमच्याच खात्यात तिघे संतोष होते, त्यांना उंच, गोरा, चष्मेवाला असं ओळखायचे. सोपान एकच.

त्रास झाला तो वेगळ्याच ठिकाणी, तो सांगायलाच मी लिहितोय. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझं नाव 'सोपन' लिहिलं गेलं. 'पा'चा काना राहिला. शाईच्या पेनाने, सुंदर वळणदार अक्षरात, फक्त एक उभी रेघ कमी. वडिलांना वाचता येत नव्हतं. आईला यायचं, पण दाखला बघायला तिच्या हातात कुणी दिलाच नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत आणखी तिसरंच स्पेलिंग आलं. नोकरीच्या वेळी तीन कागदांवर तीन नावं. शपथपत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं, हेलपाटे घालता घालता सात महिने गेले. आजही तो दाखला बघितला की मी बोटाने तो काना ओढतो.

ताई, नाव खुशाल ठेवा. पण पहिल्या कागदापासून काना तपासा. आणि इंग्रजीत कसं लिहायचं ते आजच घरात ठरवा, सगळीकडे तेच.

मुक्ताची_आई
सोपानदादा, काय लिहू. तुमची पोस्ट मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाईंनी 'बुक्क्याची पुडी' दोनदा वाचायला लावली.

गोदाकाठ
सोपानदादा, त्या मराठीच्या बाईंना माझाही नमस्कार.

नोंदणीखिडकी
मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कामात होतो, आता निवृत्त. सोपानरावांचं अगदी बरोबर, त्यात थोडी कामाची माहिती घालतो.

दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बहुतेक वेळा बाळाचं नाव ठरलेलं नसतं. नावाविना नोंद झाली तरी बिघडत नाही. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा घाईघाईत भलतंच नाव लिहून देऊ नका. नाव एकदा घातलं की ते बदलणं ही फार वेगळी गोष्ट आहे. लेखनातली चूक दुरुस्त होते, पण 'सोहम लिहिला होता, आता सोपान करा' याला चूक म्हणत नाहीत.

दुसरं, १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर नावाचा क्रम असा आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे आता नाव निवडताना ते आईच्या नावाशेजारी कसं वाजतं तेही ऐकून बघा. सही करण्याआधी प्रत मोठ्याने वाचा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही. खिडकीतल्या माणसाला घाई असते, तुम्हाला नसू द्या. मी स्वतः त्या खिडकीत बसलेलो आहे, म्हणून सांगतो.

चैत्रपालवी
आईचं नाव लगेच मुलाच्या नावापाठोपाठ! हे मला फार आवडलं. आमच्या वेळी आईचं नाव वेगळ्या रकान्यात कुठेतरी तळाशी असायचं.

तर्कशुद्ध
@नोंदणीखिडकी, अत्यंत उपयुक्त. धाग्याच्या सुरुवातीला चिकटवावं असं.

परदेशी_पाखरू
इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन 'ए' घालावेत का यावर भाऊजींना विचारलं. ते म्हणतात, एकच ठेवा. दोन घातले तर लोक आणखी गोंधळतात, आणि पुढे जगभर तेच स्पेलिंग बोलून दाखवत बसावं लागतं. उच्चार सांगायला एक सेकंद लागतो.

निशिगंध
मी चार दिवस या धाग्यावर येऊन वाचतेय. सोपानदादांची पोस्ट तीनदा वाचली. मी पहिल्या दिवशी जे लिहिलं ते बाळाच्या काळजीपोटीच लिहिलं होतं. पण लेकुरवाळीताईंच्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःला प्रामाणिकपणे दिलं. मला नाव जुनं वाटत नव्हतं. माझ्या वडिलांच्या गावाकडचं वाटत होतं. त्या गावातून बाहेर पडायला आमच्या वडिलांनी फार कष्ट केले, त्यामुळे तिकडचं काही मुलांना चिकटू नये असं आमच्या घरात न बोलता ठरलेलं होतं. माझं मत मी बदलते. ठेवा.

लेकुरवाळी
निशिगंध, हे लिहायला धीर लागतो.

मुक्ताची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

काल वन्सं आल्या होत्या. मी काही बोलायच्या आत मुक्ताने त्यांना विचारलं, "आत्या, सोपान म्हणजे काय गं?" त्या म्हणाल्या, "जिना." मुक्ताला जिना म्हणजे आमच्या इमारतीचा जिना. ती आत्याचा हात धरून बाहेर गेली. लिफ्ट आल्यापासून त्या जिन्याने कुणी जात नाही, पण मुक्ताला तो फार आवडतो. प्रत्येक पायरीला तिने नाव ठेवलंय. दोघी वर गच्चीपर्यंत गेल्या. अर्ध्या तासाने परतल्या तेव्हा वन्संच्या साडीच्या काठाला कठड्याचा चुना लागलेला. त्या पाळण्यापाशी गेल्या, बाळाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हिने चौथ्या पायरीचं नाव सोपान ठेवलंय. बाकी सगळ्या पायऱ्यांना फुलांची नावं आहेत."

मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. निघताना मला म्हणाल्या, "कानात सांगायचं म्हणजे मला नीट म्हणता आलं पाहिजे. 'सो' लांबवायचा की 'पा'?"

बारसं रविवारी आहे. नोंदणीखिडकी काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे अर्ज भरला. मराठी मी वाचलं, इंग्रजी नवऱ्याने. इंग्रजीत एकच 'ए'.

सोपान_आंबेगावकर
दोन्ही लांबवायचे. आणि काना आहे ना?

मुक्ताची_आई
आहे दादा. माझ्या हाताने काढला.